साताऱ्यात राहून ४ लाखांत जुनी आलिशान सेडान घ्यावी का?

घ्या. पण ४ लाखांची घेऊ नका. अडीच लाखांपर्यंतची घ्या आणि उरलेले दीड लाख पहिल्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवा. एवढं जमत नसेल तर वर्षभर थांबा, गाड्या कुठे पळून जात नाहीत.

तुम्ही लिहिलंय की बजेट ४ लाख आहे, त्यात नवी घ्यायची तर अगदी लहान गाडी येते. जुन्यात मात्र २००९ ची होंडा अकॉर्ड, २०१० ची स्कोडा सुपर्ब १.८ ऑटोमॅटिक किंवा एखादी जुनी मर्सिडीज दिसतेय. घरचे म्हणतात पांढरा हत्ती आहे, आणि साताऱ्यात तो सांभाळणार कोण? मी साताऱ्यातच राहतो आणि असा एक हत्ती २०१७ पासून पोसतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी गाडी १९९६ ची मर्सिडीज ई २२०, डब्ल्यू १२४ म्हणतात ती. भारतात जुळवलेली ही पहिली मर्सिडीज. १९९५ पासून ती पिंपरीला टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या आवारात तयार व्हायची, म्हणजे आपल्या घरापासून दोन-अडीच तासांवर. पुण्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांकडून २ लाख ४० हजारांना घेतली. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल भरून देतो. म्हणजे पैसेवाला छंद म्हणून घेतली असं नाही. लहानपणी पोवई नाक्यावर अशी एक पांढरी गाडी उभी असायची. शाळेतून येताना तिच्या दाराला हात लावून बघायचो, ती इच्छा राहून गेली होती.

आता या गाड्या एवढ्या स्वस्त का होतात ते बघा, म्हणजे खर्चाचं गणित आपोआप कळेल. ज्याला २०-२५ लाखांची गाडी परवडते त्याला पंधरा वर्षांची गाडी नको असते. आणि ज्याला पंधरा वर्षांची चालते, तो एव्हरेज विचारतो. माझी गावात ७-८ देते, हायवेला १०-११. त्यामुळे गिऱ्हाईकच उरत नाही आणि भाव अल्टोवर येतो. पण तिचा पंप, तिचा सेन्सर, चाक धरणारा तिचा लोअर आर्म हे २५ लाखांच्या गाडीचेच राहतात. त्यांचे भाव कुणी उतरवत नाही. अडीच लाखांच्या गाडीला ४० हजारांचं काम निघालं की माणूस चिडतो, फसल्यासारखं वाटतं. फसलेला नसतो, तो पहिल्या मालकाची गाडी चालवतोय आणि त्या गाडीचा सांभाळ तेवढाच आहे. हे आधीच मनाशी धरलं की त्रास बराच कमी होतो.

तरी सगळंच महाग निघत नाही. यातलं इंजिन सहसा मरत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर तोही मरत नाही. पत्राही आपल्या सातारा-वाईच्या कोरड्या हवेत टिकतो, कोकणातल्या गाडीसारखा खालून कुजत नाही. मरतं ते रबर. वीस वर्षांनी रबर कडक होतं, तडकतं, आणि गाडीतलं जवळजवळ सगळं सुख त्या रबरावरच बसलेलं असतं.

हे मला वर्षभर कळलंच नव्हतं. घेतली तेव्हा गाडी चालायची ठीक, पण वाढे फाट्याच्या पुढे रस्ता जरा खराब आला की मागून टकटक व्हायची, वळणावर बूड हलल्यासारखं वाटायचं. मला वाटलं जुनी आहे, अशीच असणार. मग ओळखीच्या एका काकांनी बघितली. त्यांची उमर महाराष्ट्र स्कूटर्समध्ये गेली, इथे साताऱ्यात 'प्रिया' बनायची तेव्हापासून. मर्सिडीज त्यांनी कधी उघडलेली नव्हती. पण गाडी खड्ड्यात उभी केली, खाली उतरले, मागच्या चाकापासची एकेक दांडी पकडून लोखंडी सळईने उचकून बघितली आणि वर येऊन म्हणाले, "गाडी चांगली आहे रे, तिच्या सांध्यात वंगणच नाही राहिलं."

या गाडीच्या प्रत्येक मागच्या चाकाला पाच दांड्या धरतात. चाक वरखाली झालं तरी जमिनीशी सरळ राहावं, यासाठी ही रचना आहे. मर्सिडीजने १९८२ च्या १९० मध्ये ती आधी आणली आणि मग या गाडीत. प्रत्येक दांडीच्या टोकाला रबराचा बुश, म्हणजे धक्का गिळणारी कडी. एक जरी ढिला झाला तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते. काकांच्या हिशेबाने माझ्या गाडीत एकही शाबूत नव्हता. पुण्याहून लेमफोर्डर कंपनीच्या दांड्या आणि बुश मागवले, इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंट बदलले, शॉकॲब्झॉर्बर चारही नवे. मजुरीसकट ६१ हजार झाले. एमआयडीसीतल्या लेथवाल्याने जुने बुश दाबून काढायला एक पुलर बनवून दिला, त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत, त्याला फक्त एक फेरी हवी होती.

ती फेरी आम्ही तिघांनी यवतेश्वरवरून कासला मारली. जुलै होता, धुकं आणि पाऊस. हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे, शेकडो वेळा गेलोय, पण त्या दिवशी रस्ता निराळाच वाटला. खड्डा दिसायचा, मनात आपण तयारी करायचो, आणि खालून फक्त 'धप्' असा दबका आवाज यायचा. हात स्टिअरिंगवर स्थिर. या गाडीला पुढच्या काचेला एकच वायपर आहे. तो कोपऱ्याकडे जाताना लांब होतो आणि मध्ये आला की आखडतो, त्यामुळे एकटाच ८६ टक्के काच पुसतो. मागे बसलेला लेथवाला तो वायपर बघत बसला होता, खालची दरी बघतच नव्हता. कामातलं काम ओळखणारा माणूस आहे तो.

पण मला ही गाडी ज्यासाठी विकवत नाही ते कारण आईचं आहे. तिचं माहेर मेढ्याच्या पुढे. आयुष्यभर तिला गाडी लागते. एसटीत खिडकीपाशी, जीपमध्ये पुढे, कुठेही बसवली तरी केळघर घाटात लिंबू हातात आणि तोंडाला पदर. म्हातारपणी तिने जाणंच बंद केलं होतं. सगळं काम झाल्यावर तिला म्हटलं, एकदा चल, नाही सोसलं तर मेढ्यातून परत फिरू. मागे उशी देऊन बसवली. घाट चढताना मी आरशातून बघत होतो. ती बाहेर बघत होती, कुणाचं शेत कुठलं ते सांगत होती. लिंबू तसंच राहिलं. चाकांमधलं अंतर २८०० मिलिमीटर आहे, सस्पेन्शन मऊ पण डोलणारं नाही, मागचं सीट उंच, कारणं मी देऊ शकतो. पण तिने मामाच्या दारात उतरल्यावर "गाडी लागली नाही" एवढंच तीनदा सांगितलं, तेव्हा ६१ हजार डोक्यातून गेले.

म्हणून मी सांगतो, या गाड्यांची मजा वेगात शोधू नका. लहान नव्या गाडीचा पिकअप कदाचित जास्तही असेल. दार लावताना येणारा आवाज, दोनशे किलोमीटरनंतरही न दुखणारी कंबर, आतलं बोलणं आवाज न चढवता ऐकू येणं, हे पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी मनापासून केलेलं काम आहे आणि ते अजून तसंच्या तसं मिळतं.

वाईट दिवसही सांगतो. घेतल्यावर पाचव्या महिन्यात खंबाटकीच्या चढाला काटा लाल झाला. आधी कुणीतरी कुलंटच्या जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं होतं. रेडिएटरमध्ये क्षार साचून नळ्या बुजल्या होत्या. वेळेत थांबलो म्हणून हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाचलं. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. दुसरं, वायरिंग. इतकी वर्षं बॉनेटखालच्या उष्णतेत राहून वायरचं आवरण बोटाने चिरडलं की भुगा व्हायचं. हे मात्र माझ्या धंद्यातलं. मोटरीला लावतो तसली उष्णता सोसणारी स्लीव्ह घालून एकेक वायर मी दिवाळीच्या सुट्टीत नव्याने ओढली. दुसऱ्या कुणाला हे द्यावं लागलं असतं तर ३० हजार तरी गेले असते.

आता अलीकडची गोष्ट म्हणजे पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. त्यातलं बरंच आपल्याच कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांमधून जातं, त्याचं मला बरंच वाटतं. पण जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. मी सगळे बदलून टाकले, हजार-दीड हजाराचं काम. तुम्हीही पहिल्या आठवड्यात करा. पेट्रोलचा वास आला की थांबायचं, नंतर बघू म्हणायचं नाही.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षं झाल्यावर गाडी आरटीओत नेऊन, तपासणी करून दर पाच वर्षांनी आर.सी. वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून कारला त्याचे ५ हजार आहेत, आणि वीस वर्षांपुढच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार. पर्यावरण कर वेगळा. १५०० सीसीच्या वरच्या कारचा नुसता थर्ड पार्टी विमा जून २०२२ च्या दराने ७,८९७ रुपये, त्यावर जीएसटी. दिल्लीकडच्या गाड्या फार स्वस्त दिसतात, कारण तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली गेली आणि मालकांनी मिळेल त्या भावाला विकल्या. एन.ओ.सी., इथला रोड टॅक्स, पासिंग धरून हिशेब करा, बहुतेकदा एमएच ११, ५०, १२ नाहीतर १४ चीच बरी पडते. जवळची गाडी असली की मालकाच्या घरी जाऊन बिलंही बघता येतात. बिलांची फाइल असलेली दोन लाख किलोमीटरची गाडी मी घेईन, फाइल नसलेली साठ हजाराची घेणार नाही.

तुमच्या तीन गाड्यांबद्दल. सुपर्बमध्ये मागे जेवढी पाय पसरायला जागा आहे तेवढी या भावात कशातच नाही, आणि मागच्या दारात छत्री ठेवायचा कप्पा आहे, आपल्या पावसाळ्यात त्याचं मोल कळतं. पण तुम्ही म्हणताय त्या १.८ ला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मोती चौकातल्या गर्दीत इंच इंच सरकताना तो तापतो, आणि त्याचं मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं तर तुमचे बाजूला ठेवलेले दीड लाख एका फटक्यात कमी होतील. २.० डिझेलचा सहा गिअरवाला ओल्या क्लचचा असतो, म्हणजे क्लच तेलात असतात आणि कमी तापतात, तो मिळाला तर विचार करा. मर्सिडीज २००३ ते २००६ मधली ई क्लास असेल तर तिला एसबीसी नावाचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक पंप आहे. तो ठरावीक वापरानंतर बदलावाच लागतो, साताऱ्यात त्याला हात लावणारं कुणी मला सापडलेलं नाही.

राहिली अकॉर्ड. पहिलीच असेल तर हीच घ्या. २.४ चं इंजिन टायमिंग चेनचं, बेल्ट बदलायची कटकट नाही, साधा पाच गिअरचा ऑटोमॅटिक, आणि पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन दांड्यांचं डबल विशबोन सस्पेन्शन. चाकांमधलं अंतर तिचंही २८०० आहे. पोट खाली आहे, स्पीडब्रेकरला तिरकी घ्यायची सवय लावा, मागे तिघं बसलेले असले की जास्तच. २००९ ची म्हणजे पंधरा वर्षं उलटलीत, तेव्हा आर.सी. वाढवून झालीय का ते आधी विचारा, नाहीतर ते काम तुमच्या गळ्यात येईल.

बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही. ऑइलची कॅप उघडून आत पांढरट साय दिसते का बघा, कुलंटला रंग आहे की नुसतं पाणी ते बघा, गिअरबॉक्सचं ऑइल हुंगून बघा, जळकट वास आला तर परत या. खिडकीची, आरशाची, सीटची सगळी बटणं दाबा, लाज बाळगू नका. मग यवतेश्वरचा घाट एकदा चढवा आणि उतरवा, एसी चालू ठेवून, गाणी बंद ठेवून. आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, ते वाचा. या गाड्या कमी फिरतात, नक्षी नवी दिसते आणि टायर आठ वर्षांचे असतात. तसे निघाले तर चार नव्या टायरचे पैसे भावातून तिथेच कमी करून घ्या.