‘गाणारा गुराखी’ की ‘गायक काउबॉय’?

‘सिंगिंग काउबॉय’ या जुन्या अमेरिकी चित्रपटांतील नायकासाठी ‘गाणारा गुराखी’ हा प्रतिशब्द चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते तो वापरू नये.

‘गुराखी’ म्हणजे गुरे राखणारा. हा शब्द उच्चारताच हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन सकाळी गावची गुरे रानात नेणारा आणि दिवेलागणीला परत आणणारा पोर डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याला ‘गाणारा’ हे विशेषण जोडले की मुरलीधर आठवल्यावाचून राहत नाही. १९३५ च्या सुमारास जीन ऑट्री या गाणाऱ्या नटामुळे या चित्रपटांना जो बहर आला, त्यांतला नायक मात्र घोड्यावर स्वार असतो, नक्षीदार सदरा घालतो, गुंडांचा बंदोबस्त करतो आणि पुन्हा गिटार हाती घेतो. गुरांशी त्याचा संबंध बेताचाच. ऑट्री तर बहुतेक चित्रपटांत स्वतःच्याच नावाने वावरतो. त्याच्यामागून पुढे आलेल्या रॉय रॉजर्सच्या सोनेरी घोड्याचे नाव होते ‘ट्रिगर’. बंदुकीच्या चापाला आपल्या बोलण्यात ‘घोडा’ही म्हणतात, हा योग मला फार गोड वाटतो.

तेव्हा ‘काउबॉय’ हा रुळलेला शब्द तसाच ठेवावा. विशेषणाचा मात्र विचार करायला हवा. ‘गाणारा’ या धातुसाधितातून क्रिया कळते, ‘गायक’ या शब्दातून माणसाची ओळख कळते. आपल्या रंगभूमीवर ‘गायक नट’ हा शब्द पूर्वीपासून आहेच. त्याच धर्तीवर ‘गायक काउबॉय’ म्हणावे. चित्रपटाला ‘संगीत काउबॉयपट’ म्हणता येईल, कारण ‘संगीत शाकुंतल’पासून, म्हणजे १८८० पासून, नावाआधीच्या ‘संगीत’चा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, आणि ‘पट’ तर भक्तिपट, युद्धपट अशा शब्दांत सहज सामावला आहे.

‘गुराखी’ शब्द एका ठिकाणी मात्र शोभेल. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत गुरांचे प्रचंड कळप हाकत नेणारे खरे काउबॉय रात्री आळीपाळीने पहारा करत. दोन स्वार कळपाभोवती एकमेकांच्या उलट दिशेने फेऱ्या घालत आणि घोड्याच्या संथ चालीवर गात राहत, कारण ओळखीचा आवाज कानावर पडत राहिला की गुरे बुजून उधळत नसत. त्यांचे गाणे हा राखणीचाच भाग होता. त्यांना कोणी ‘गाणारे गुराखी’ म्हटले, तर मी ते खोडणार नाही.