हरकत आधी घ्यायची

इंदूर, मंगळवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारच्या बीजीएमआयच्या (पबजीच्या भारतीय आवृत्तीच्या) स्पर्धेबद्दल त्या रात्री तू पाठवलेला सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच तोडतोस आणि मला हे सलग सांगायचंय, म्हणून लिहितोय.

तुझ्या बोलण्यात तीन गोष्टींचा गुंता झालाय. तिसऱ्या सामन्यात शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडलं आणि त्यावरून तुम्ही रस्ता बदललात. चौथ्यात तुझा फोन तापला आणि नेम लागेना. आणि शेवटी, जो संघ पहिला आला त्याला तुम्ही हॉलभर ऐकू जाईल असं 'हॅकर', म्हणजे फसवून खेळणारे, म्हणालात. तुझा सगळा राग या शेवटच्या गोष्टीवर आहे. मला खुपतेय ती पहिली.

शेजारच्या टेबलावरची ग्वाल्हेरची ती मुलं आपसात मराठीत कॉल, म्हणजे खेळातल्या सूचना, देत होती. त्यांना वाटलं असणार, इथे सगळे हिंदीवाले, कोणाला काय कळतंय! तुला कळलं. "आपले दोघं पुलावर बसलेत, गाडी आली की सोडायची नाही." तुम्ही गाडी वळवली, मिलिटरी बेसचा पूल टाळला, बोटीने पार झालात. ते बिचारे पुलावर वाट बघत राहिले. आणि तू विचारतोस, "काका, ऐकू आलं तर त्यात माझा काय दोष?"

ऐकू येण्यात दोष नाही. पण हेडफोनचा एक कान वर का सरकवला होतास?

मी हे विचारतोय, कारण या प्रश्नाचं उत्तर मला माझ्यापुरतं माहीत आहे. 2004 सालची गोष्ट. जेल रोडजवळ एक सायबर कॅफे होता, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. दहा डबडे मॉनिटर, पाच या भिंतीला, पाच समोरच्या. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमची स्पर्धा होती, बक्षीस हजार रुपये. फायनलचा शेवटचा राउंड, आमच्यातला मी एकटा उरलेला, समोरचाही एकच. त्याच्या पाठीमागे सीडी ठेवायचं काचेचं कपाट होतं, आणि त्या काचेत त्याचा स्क्रीन दिसत होता. उलटा, पुसट, पण कोपऱ्यातली लाकडी खोकी ओळखू येत होती. बॉम्ब लावायच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन जागा असतात; तो 'बी'वर बसलाय हे मला एका नजरेत कळलं. मी 'ए'वर गेलो, बॉम्ब लावला, जिंकलो. कोणी पाहिलं नाही, कोणी विचारलं नाही. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, रात्री सराफ्यात गराडू खाल्ले.

त्या महिन्यात माझा हात खरोखर चांगला बसला होता. काचेत न बघताही तो राउंड मी कदाचित जिंकलो असतो. ते 'कदाचित' वीस वर्षं माझ्याजवळ आहे, आणि ते सोडवायला आता कोणताच मार्ग नाही. त्याहून वाईट पुढे झालं. नंतरच्या स्पर्धेत बसल्या बसल्या माझी नजर खेळात नव्हती, काच शोधत होती. माझा खेळ तिथून उतरला. कॅफेतले म्हणाले, फॉर्म गेला. फॉर्म गेला नव्हता. किती होता हे मोजायचं मापच मी मोडून ठेवलं होतं.

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांनाही नाही, आणि ते त्याच संघात होते.

हा मोह फक्त गल्लीतल्या कॅफेत होतो असं समजू नकोस. 2012 मध्ये लॉस एंजेलिसला 'लीग ऑफ लेजेंड्स'ची जागतिक स्पर्धा चालू होती. प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या पडद्यावर दोन्ही संघ कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा दिसत होता. कोरियाच्या अझुबू फ्रॉस्ट संघातल्या एका खेळाडूने मान वळवून त्या पडद्याकडे पाहिलं. संघाला 30 हजार डॉलर दंड झाला. एकदा मान वळली एवढंच! म्हणून मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना आवाजबंद काचेच्या खोलीत बसवतात, किंवा कानात छोटे इअरफोन आणि त्यावर जाड हेडफोन, त्यात एकसुरी खरखर सोडतात. कारण हॉलमधल्या प्रेक्षकाला भिंतीमागे लपलेला माणूस दिसतो, आणि तुम्ही त्या भिंतीजवळ गेलात की हजार लोक एकदम 'ओऽऽ' करतात. यूट्यूबवरचं प्रक्षेपण काही मिनिटं उशिरा सोडता येतं, हॉलमधलं ओरडणं नाही सोडता येत. 2020 मध्ये तर काउंटर-स्ट्राइकच्या प्रशिक्षकांचं प्रकरण निघालं. गेममधल्या एका बिघाडामुळे प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर एका जागी अडकून राहायचा आणि त्याला प्रतिस्पर्धी दिसायचे. बिघाड त्यांनी केलेला नव्हता. पण कळवायचं सोडून काही जण बघत बसले. त्या सप्टेंबरात 37 प्रशिक्षकांवर कारवाई झाली. तुझ्यासारखंच त्यातल्या कोणीतरी स्वतःला समजावलं असेल, "दिसलं तर माझा काय दोष?"

आपल्याकडचं उदाहरण तुला ठाऊक आहे. 2018, शांघाय, काउंटर-स्ट्राइक खेळणारा ऑप्टिक इंडिया संघ. सामना चालू असताना पंच एका खेळाडूच्या कॉम्प्युटरपाशी आले आणि त्यात नेम आपोआप लावणारी फाइल सापडली. नाव काय, तर 'वर्ड डॉट एक्सई'. त्याला पाच वर्षांची बंदी झाली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, शिक्षा भोगून झालेली आहे. मला आठवतात ते बाकीचे चार. त्यांनी काहीच केलं नव्हतं, तरी संघ बाद झाला आणि मग मालकांनी संघच मोडला. भारताबाहेर खेळायला मिळालं म्हणून घरच्यांनी त्यांना पेढे वाटून पाठवलं असेल.

तुझ्या पुलाची गोष्ट आणि ही एका मापाची नाही, हे मी जाणतो. तू फाइल टाकली नाहीस, कान उघडा ठेवलास. पण पुढच्या वेळी असं कानावर पडलं तर तिथल्या तिथे हात वर कर आणि पंचांना सांग, "शेजारचे कॉल ऐकू येतात, टेबल लांब करा." तुझा फायदा जाईल, मान्य. पण त्यांनाही तुमचे कॉल ऐकू येत नसतील कशावरून? तुम्हीही मराठीच बोलता.

आता फोन. इथे मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे. मे महिन्यातली इंदूरची दुपार, पत्र्याचं छत, स्टेजवर दिवे, आणि चार्जर लावून चालू असलेला खेळ. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर दर 17 मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, 30 वर घसरलास की 33 नी. ऐकायला हा फरक काहीच वाटत नाही. पण धावत्या माणसावर नेम धरताना बोट पुढे जातं आणि चित्र मागे राहतं, हे तू अनुभवलंस. त्यात एसीचा झोत फक्त डावीकडच्या चार टेबलांवर होता, मी स्वतः पाहिलं. डावीकडच्यांचे फोन गार, उजवीकडच्यांचे तव्यासारखे. ही असमानता होती, आणि ती आयोजकांची चूक होती.

पण तू हरकत कधी घेतलीस? पाचवा सामना संपल्यावर, गुणफलक बघून! त्या क्षणी खरं कारणही बहाणा वाटतं. तू पंच असतास तर तुलाही तसंच वाटलं असतं. आपल्या अभय प्रशाल स्टेडियममध्ये टेबल टेनिसवाले काय करतात ते कधी जाऊन बघ. खेळ सुरू व्हायच्या आधी टेबल बघतात, जाळी मोजतात, वाऱ्याने चेंडू हलू नये हे बघतात. बॅटही आधी समोरच्याला आणि पंचांना दाखवायची, हा नियमच आहे. तू अर्धा तास आधी पोहोचलास, आणि तो अर्धा तास रील बघण्यात घालवलास. त्या वेळात खुर्चीवर बसून पाहायचं होतं की झोत कुठे येतो, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) किती आहे, हॉलचं वाय-फाय प्रेक्षकही वापरतायत का, मागचा पडदा कोणाच्या फोनच्या काचेत दिसतो का. आणि काही खटकलं तर कागदावर लिहून पंचांच्या हातात द्यायचं होतं. दर दोन सामन्यांनी टेबलं बदला, एवढीच मागणी. दोन्ही बाजूंना सारखीच मिळणारी गोष्ट मागितली की पंचांना नाही म्हणणं जड जातं.

'हॅकर'बद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण मला त्याची लाज वाटली. संशय असेल तर सामन्याचा क्रमांक, वेळ आणि त्या खेळाडूचं गेममधलं नाव लिहायचं, पंचांना द्यायचं, रेकॉर्डिंग तपासा म्हणायचं. बस्स. ओरडायचं नाही. त्या चौघांत एक सोळा वर्षांचा मुलगा होता. तू ओरडलास तेव्हा त्याने मागे बसलेल्या आईकडे पाहिलं. त्यांचे फोन पंचांनी तपासले, काही निघालं नाही. तू त्याला निरोप पाठव. माझ्या सांगण्यावरून नको, तुला वाटेल तेव्हा, पण पाठव.

ते जिंकले कसे, याचं उत्तर तुझ्या वहीत मिळेल, आणि वही तू ठेवत नाहीस. सोळा संघ, प्रत्येकात चौघं. सगळे अगदी बरोबरीचे आहेत असं धरलं तर एका सामन्यात पहिला यायची शक्यता सोळात एक. मग सहा सामन्यांत एकदाही पहिला नंबर न येण्याची शक्यता जवळजवळ 68 टक्के निघते. म्हणजे काहीही न बिघडता तीनपैकी दोन रविवार तू 'चिकन डिनर'शिवाय, म्हणजे पहिल्या नंबराशिवाय, घरी येणार. एका रविवारवरून 'माझा फॉर्म गेला' म्हणणं आणि एका रविवारवरून 'ते हॅकर आहेत' म्हणणं, दोन्हींत चूक एकच आहे.

तुझ्या आजोबांना होळकर संघाचं विचार, त्यांचा चेहरा खुलेल. 1945-46 ला होळकरांनी बडोद्याला हरवून रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी अंतिम सामना पुन्हा त्याच दोघांत, या वेळी बडोद्यात. विजय हजारे 288, गुल महंमद 319, चौथ्या जोडीची 577 धावांची भागीदारी. बडोदा 784. होळकर 202 आणि 173, एक डाव आणि 409 धावांनी हार. सी. के. नायडूंचा संघ होता तो, कोणी ऐरेगैरे नव्हते. आणि 1947-48 ला त्याच होळकरांनी मुंबईला हरवून करंडक परत इंदुरात आणला. मधलं एकच वर्ष पाहणाऱ्याला तो संघ कसा दिसला असता?

वही अशी ठेव. सामन्याआधी दोन ओळी: किती झोपलो, बोटं गार की घामट, फोन किती तापलाय. सामन्यानंतर किल मोजू नकोस, ते गुणफलकावर असतातच. मेलो तो क्षण लिही. कळलं होतं पण हात चालला नाही? हात बरोबर होता पण कळलंच नव्हतं? की दोन्ही ठीक होतं आणि झोनच (आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळच) उलट्या बाजूला गेला? झोनचा दोष दहातून दोनदा निघाला तर ते नशीब. दहातून आठदा निघाला, तर तुमचा आयजीएल, म्हणजे खेळात निर्णय घेणारा कप्तान, गाडी उशिरा काढतोय. आणि आणखी एक खूण कर, माझ्यासाठी. गेमच्या बाहेरून काही कळलं असेल, पडद्यावरून, गर्दीतून, शेजारच्या टेबलावरून, तर त्या सामन्यापुढे फुली मार आणि तो सामना हिशेबात धरू नकोस. तुझा तिसरा सामना फुलीचा आहे. तो वगळला की रविवारचा तुझा खेळ कसा दिसतो ते बघ. मी बघितलंय. पहिल्या दोन सामन्यांत तू जसा खेळलास तसा मागच्या वर्षभरात खेळला नव्हतास, आणि तुझ्या सात मिनिटांत त्यांचा उल्लेखही नाही.

पैसे लावणाऱ्या त्या मित्राबद्दल तू ओझरतं बोललास, तिथे माझा आवाज चढेल म्हणून एकच ओळ: 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली, तेव्हा त्याला तुमच्या संघाच्या ग्रुपमधून आजच काढ.

पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. येत्या रविवारी सकाळी चौघंही माझ्याकडे या. काकू पोहे करणार आहे, जिलबी येताना तुम्ही आणा. मग गच्चीवरच्या खोलीत, पंखा बंद करून, चार्जर न लावता, लागोपाठ सहा सामने खेळा. प्रत्येक सामन्यानंतर फोन किती तापला आणि फ्रेम किती पडल्या हे मी लिहून घेईन. शेजारचा टीव्ही मोठ्याने लावून ठेवायला सांगितलाय. हेडफोन दोन्ही कानांवर.

तुझा,
काका