समितीत नवीन आलात? आधी शेजारच्या शाळेत जाऊन बसा

ताई, शाळा व्यवस्थापन समितीवर तुमची निवड झाली, फार बरं वाटलं. पहिले दोन महिने घाई करू नका. जवळच्या दुसऱ्या शाळेच्या समितीला विचारून त्यांच्या बैठकीला बसा. मी जे शिकले ते बहुतेक असंच, दुसऱ्या पालकांकडून.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. तेव्हा तिथे तुम्ही पाहुण्या नाही. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं, हे आपलंच काम. पण कागद समोर आला की आपण गप्प होतो. मीही इतिवृत्त न वाचता सही केली होती. नंतर कळलं, मोडलेला नळ कागदावर दुरुस्त झालेला! तेलुगू माध्यमाच्या एका शाळेतल्या विडी वळणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, आधी मोठ्यानं वाचून दाखवायला लावायचं, मगच सही. त्यांना स्वतःला मराठी वाचता येत नव्हतं, तरी एक ओळ सुटू द्यायच्या नाहीत.

आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. भाषा वेगळ्या, पण पाणी, संडास, मध्येच शाळा सोडणारी मुलं ही दुखणी सारखीच. म्हणून ओळखी वाढवा.

आणि बैठकीची वेळ! विड्या कारखान्यात देऊन बाया घरी परतल्यावरची ठेवा, यंत्रमागाची पाळीही बघा. सकाळी अकराला कोण येणार?

पहिल्या भेटीला मी तुमच्यासोबत येते. वही तेवढी घ्या.