राजीखुशी, शंका आणि संशय

कोल्हापुरातल्या एका चर्चमध्ये संडे स्कूल घेणाऱ्या ताईंचा प्रश्न आलाय. तरुणांसाठी अभ्यासवर्ग सुरू करायचा आहे. देवाने माणसाला निवड करायची जी मोकळीक दिली, तो पहिला विषय. तिला 'मुक्त इच्छा' म्हणायचं, 'स्वतंत्र इच्छा', 'इच्छास्वातंत्र्य' की 'स्वेच्छा'? चारही शब्द छापलेले सापडतात. दुसरं म्हणजे, वर्गाला 'शंका आणि विश्वास' असं नाव सुचवलं, तर मंडळीचे वडील म्हणाले, 'प्रश्न' चालेल, 'शंका' नको. ह्यात भाषेचा काही मुद्दा आहे, की उगाचच धाक? शेवटी 'प्रश्नोत्तरी' ह्या शब्दाबद्दलही विचारलंय.

(बाहेरच्या वाचकांसाठी: इथे 'मंडळी' म्हणजे चर्चचे सभासद आणि 'वडील' हा हुद्दा आहे, वय नव्हे. प्रेस्बिटेरियन ह्या प्रॉटेस्टंट पंथाचं नावच 'वडील' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले, पुढे ते मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं, आणि वाइल्डर मेमोरियल चर्च आजही त्यांचं नाव सांगतं. त्यामुळे वडिलांचं म्हणणं इथे सहज बाजूला सारता येत नाही, आणि सारूही नये.)

'मुक्त इच्छा' मला आवडत नाही. इंग्रजी 'फ्री विल'चे दोन शब्द उचलून त्यांच्यासमोर मराठीचे दोन ठेवलेत, एवढंच. पण आवडीनिवडीपलीकडचं एक कारण आहे. 'मुक्त' म्हटलं की मराठी माणूस मनातल्या मनात विचारतो, कशापासून? कर्जमुक्त, व्यसनमुक्त, रोगमुक्त. 'टोलमुक्त कोल्हापूर' ही घोषणा तर शहराने वर्षानुवर्षं दिली. आधी काहीतरी मानगुटीवर बसलेलं असतं, ते उतरतं, मग माणूस मुक्त. आता हा शब्द ख्रिस्ती संदर्भात नेऊन बघा. मराठी बायबलमध्ये योहानाच्या आठव्या अध्यायात 'बंधमुक्त' हा शब्द आहे: पुत्राने बंधमुक्त केलं तर तुम्ही खरोखर बंधमुक्त व्हाल. म्हणजे मुक्त होणं ही तारणाची, पापातून सुटकेची गोष्ट झाली, कृपेने नंतर मिळणारी. मग 'देवाने आदामाला मुक्त इच्छा दिली' असं लिहिलंत, तर जे शेवटी मिळायचं ते सुरुवातीलाच देऊन टाकल्यासारखं होतं.

हा शब्दांचा कीस नाही. चौथ्या-पाचव्या शतकात ऑगस्टिन ह्या ख्रिस्ती विचारवंताने नेमका हाच भेद केला होता. निवड करण्याची शक्ती वेगळी आणि पापाच्या पकडीतून सुटलेली खरी मोकळीक वेगळी. पतनानंतरही, म्हणजे आदामाच्या पापानंतरही, माणूस निवडतोच, पण कृपेवाचून त्याची निवड चांगल्याकडे वळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच काळातल्या पेलाजियसला ते पटलं नाही. देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची ताकदही दिलीच असणार, असा त्याचा सरळ हिशेब. हजारेक वर्षांनी तोच वाद पुन्हा पेटला. १५२४ साली इरॅस्मसने माणसाच्या निवडीच्या बाजूने लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी मार्टिन लूथरने उत्तर दिलं की ही इच्छा मोकळी नाहीच, ती बांधलेली आहे. लूथरच्या त्या कल्पनेला मराठीत हुडकत बसायला नको. रामदासांनी बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध अशी चौकडीच मांडून ठेवली आहे. 'बद्ध इच्छा' म्हटलं की मराठी वाचकाला चटकन कळतं. दोन परंपरांतले बंध एक नाहीत, हे मात्र वर्गात एकदा सांगून टाका.

आता मूळ शब्द. ऑगस्टिनपासून लूथरपर्यंत सगळे ज्यावर भांडले तो लॅटिन शब्द आहे 'लिबेरुम आर्बित्रियुम'. ह्यातलं 'आर्बित्रियुम' म्हणजे इच्छा नव्हेच. तो निवाडा. 'आर्बितर' म्हणजे पंच, लवाद. दोन्ही बाजू ऐकायच्या, तोलायच्या आणि मग निर्णय द्यायचा, हे त्या शब्दाच्या पोटात आहे. इंग्रजीत येताना निवाडा गळला आणि इच्छा तेवढी उरली, आणि आपण मराठीत इंग्रजीवरून आलो. बाराव्या शतकातल्या पीटर लोम्बार्डने व्याख्या करताना बुद्धी आणि इच्छा दोन्ही नावं घेतली आहेत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मेंढीचा दाखला दिला: लांडगा दिसला की मेंढी पळते, तीही एका अर्थी 'हे धोक्याचं' असा निवाडाच करते, पण तो उपजत, ठरलेला. माणूस ताडून बघतो, दोन वाटा समोर धरतो, म्हणून त्याचा निवाडा मोकळा.

बुद्धी आणि इच्छा दोन्ही एकत्र पकडणारा शब्दप्रयोग मराठीत आहे का? आहे की, आणि तो तुम्ही सही करताना वाचलेलाही असेल. खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो, दस्तलेखक डोळे झाकून लिहितो: सदरचा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून देत आहे. राजीखुशी म्हणजे इच्छा, अक्कलहुशारी म्हणजे बुद्धी, आणि दडपण नाही म्हणजे मोकळीक. लोम्बार्डची व्याख्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रोज नोंदवली जाते म्हणायची! आणि कायद्याच्या नजरेने ह्यातली एक बाजू लंगडी असली तरी दस्त अडचणीत येतो. नुसती खुशी असून भागत नाही, काय लिहून देतोय हे समजलेलंही असावं लागतं.

तेव्हा माझा कौल असा. टिपणात, शीर्षकात 'इच्छास्वातंत्र्य' ठेवा. त्यातही निवाडा नाहीच, पण तत्त्वज्ञानाच्या मराठी लेखनात तो रुळलेला आहे आणि त्याचा भलता अर्थ कोणी घेत नाही. 'स्वतंत्र इच्छा' चालेल, फक्त 'त्याची एक स्वतंत्र इच्छा होती' म्हणजे 'वेगळी इच्छा' असाही अर्थ निघतो, तेवढं सांभाळा. 'स्वेच्छा' एकटी ठेवू नका. 'स्वेच्छेने' ठीक, 'स्वेच्छानिवृत्ती' तर बँकेतल्या प्रत्येकाला पाठ, पण नाम म्हणून उभी केली की ती 'स्वेच्छाचार' आणि 'स्वैर' ह्यांच्या पंगतीला जाऊन बसते. 'स्वैर' शब्दाचं मूळ तर आपल्या मर्जीने चालणं एवढंच निरुपद्रवी आहे, पण मराठीने त्याला केव्हाच वाया घालवलं. समोर बसलेल्या पोरांशी बोलताना ह्यातलं काहीच नको. 'आपखुशीने', 'स्वखुशीने', 'आपल्या मनानं' म्हणा. जुन्या करारात देवाला नियमाबाहेर, मनापासून दिलेल्या अर्पणालाही मराठीत 'स्वखुशीचं अर्पण' म्हणतात. पोरांनी तो शब्द चर्चमध्ये ऐकलेला असतो.

एक अडचण तुमच्या प्रश्नात नाही, पण वर्गात येणारच. तुमच्या मंडळीची परंपरा कॅल्विन ह्या धर्मसुधारकाची. तिच्यात देवाने आधीच नेमून ठेवलं आहे, हीही शिकवण आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात नेमून ठेवल्याचेच शब्द येतात. हॉलंडात डॉर्ट इथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेने, माणसाच्या निवडीला जागा ठेवणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध, हीच बाजू उचलून धरली. पुढे वेस्लीचे मेथडिस्ट दुसऱ्या बाजूला गेले. हे सांगताना 'नशीब', 'प्रारब्ध', 'सटवाईनं लिहिलेलं' असले शब्द तोंडात येऊ देऊ नका. नशिबाला कर्ता नसतो. सटवाई कपाळावर लिहून जाते, पुढे ती कुणाची विचारपूस करत नाही. प्रारब्ध तर आपल्याच मागच्या कर्माचं. 'नेमणे' ह्या क्रियापदाला नेमणारा लागतो, आणि नेमणूक कशासाठी तरी असते. 'नेमलेलं' हा साधा शब्द इथे सगळ्यात बिनचूक.

आता 'शंका'. वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं क्रियापदात आहे. शंका विचारली जाते, शंका येते, शंका घेतली जाते, शंका काढली जाते. 'सर, एक शंका आहे' म्हणणारं पोरगं वर्गातलं सगळ्यात शहाणं. 'माझ्यावर शंका घेतोस?' म्हटलं की घरात भांडण. 'शंका काढणारा' म्हणजे शंकेखोर, लग्नाच्या याद्या होत असताना मध्येच मानपानाचं उकरणारा. नाम तेच, पण 'विचारणे' जोडलं की ते शिकण्याकडे जातं आणि 'घेणे' जोडलं की माणसाच्या हेतूकडे. ('लघुशंका' ह्यात कुठे बसते ते मी सोडून देतो.) 'शंका आणि विश्वास' ह्या तुमच्या शीर्षकात क्रियापदच नाही, त्यामुळे प्रत्येकजण आपल्या मनातलं जोडून घेणार. वडिलांनी 'घेणे' जोडलं, तुम्ही 'विचारणे'.

बायबलच्या मराठीत मात्र ज्याला हरकत घेतली आहे तो शब्द बहुतेक ठिकाणी 'संशय' आहे, आणि त्याचं क्रियापद 'धरणे'. पाण्यावर चालता चालता बुडू लागलेल्या पेत्राला येशू म्हणतो, संशय का धरलास? तिथल्या ग्रीक शब्दात 'दोन' दडलेला आहे, दोन ठिकाणी पाय असणं. याकोबाच्या पत्रात संशय धरणाऱ्याला लाटेची उपमा आहे आणि लगेच पुढे 'द्विबुद्धी' हा शब्द. म्हणजे दोष विचारण्याचा नाही, ठरवत नसल्याचा आहे. संशय हा इथे डोक्याचा आजार नाही, इच्छेचा आहे: आपल्याकडचा सगळा पुरावा ऐकून झाल्यावरही निवाडा न देणाऱ्या लवादाचा.

प्रश्नाचं काय होतं ते लूकच्या पहिल्याच अध्यायात शेजारी शेजारी दिलंय. देवदूत जखऱ्याकडे येतो, तुला मुलगा होईल म्हणतो. जखऱ्या विचारतो, हे मी कशावरून समजू? त्याची वाचा जाते. तोच देवदूत मरीयेकडे येतो, तुलाही मुलगा होईल म्हणतो. ती विचारते, हे कसे होईल? तिला उत्तर मिळतं, नीट समजावून. दोघांनीही प्रश्नच केला. पण 'कशावरून' आणि 'कसे' ह्यांतला फरक कोल्हापूरकराला वेगळा सांगायला नको. पाव्हण्यानं काही सांगितलं आणि आपण 'कशावरनं?' म्हणालो, की तो बोलायचा थांबतो आणि आपल्याकडे बघतो. 'कशावरून' पुरावा मागतो, 'कसे' वाट विचारतो. मराठी भाषांतरकारांनी हे दोन शब्द अगदी अचूक वेचलेत. आणि क्रम बघा: मरीया आधी विचारते, उत्तर ऐकते, आणि मग 'मला होवो' म्हणते. कॅथलिक परंपरा तिच्या ह्या होकाराला फार मानते, कारण तो आपखुशीचा आहे. दस्ताच्या भाषेत, अक्कलहुशारी आधी, राजीखुशी मागाहून. इच्छास्वातंत्र्य शिकवायचं आणि प्रश्न नको म्हणायचं, हे म्हणून जमणारं नाही. तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत.

मराठी मनाला 'संशय' का झोंबतो ह्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते बायबलच्या बाहेरचं. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'संशयात्मा विनश्यति' आहे, ते सगळ्यांना पाठ. त्याच अध्यायात सहाच श्लोक आधी, ज्ञान 'परिप्रश्नेन' मिळवावं असंही आहे; ते कुणी ऐकवत नाही.

येशू पुन्हा उठला हे जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमा ह्या शिष्याला 'संशयी थोमा' म्हणायची पद्धत आहे. मराठी बायबलमध्ये येशू त्याला 'विश्वासहीन असू नको' म्हणतो, संशयाचं नावही काढत नाही, आणि जखमांना हात लावायला बोलावतो. हा 'कशावरून' वाला प्रश्न होता, तरी त्याची वाचा गेली नाही. वर्गात कोणी हुशार पोरगी हे जखऱ्याशी ताडून बघेल आणि तुम्हाला विचारेल. विचारू दे.

ज्येष्ठांना दाखवायला घरचंच उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं सांगा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसरं चढवून घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. ह्याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांनी शंका विचारल्या असं म्हणा, घेतल्या असं म्हणू नका, म्हणजे वडीलही मान डोलावतील. शीर्षकही तसंच करा: 'शंका विचारू या'.

राहिली 'प्रश्नोत्तरी'. कॅटेकिझमला, म्हणजे प्रश्न-उत्तरांत मांडलेल्या धर्मशिकवणीला, हा शब्द योग्य, जुना आणि समजणारा. हल्ली क्विझलाही काही जण प्रश्नोत्तरी म्हणतात, पण तिच्यासाठी 'प्रश्नमंजूषा' आहे, दोन्हींची सरमिसळ नको. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत चालणाऱ्या वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत, आणि तेराव्याच्या उत्तरात आपल्या पहिल्या आईवडिलांना त्यांच्या इच्छेच्या स्वातंत्र्यावर सोडलं होतं असं स्पष्ट म्हटलंय. पहिल्या धड्याला तेच घ्या, वडिलांची हरकत येणार नाही. फक्त प्रश्नोत्तरीत प्रश्न गुरुजींचा आणि उत्तरही ठरलेलं असतं. पोरांनी स्वतः विचारलेल्यासाठी वेगळा तास ठेवा आणि फळ्यावर 'शंकासमाधान' लिहा. वर्तमानपत्रांच्या सदरांनी हा शब्द घरोघर पोचवलेला आहे, आणि त्यात 'शंका' असूनही कुणी आजवर हरकत घेतलेली नाही.