कॉलेजमधले विद्यार्थी स्वतः कायद्याचा मसुदा तयार करून मांडू शकतात का?

मसुदा लिहायला वयाची अट नाही. सभागृहात मांडायला मात्र खासदार किंवा आमदारच लागतो, आणि लोकसभा-विधानसभेसाठी वय किमान २५ हवं. म्हणून आपल्या खासदाराला गाठा. मंत्री नसलेला कोणताही खासदार खासगी विधेयक मांडू शकतो. १९७० नंतर संसदेत असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही, तरी हिरमुसू नका. तमिळनाडूचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेने २०१५ मध्ये मंजूर केलं. पुढे सरकारने स्वतःचं विधेयक आणलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला (तो अनेक तृतीयपंथीयांना पटला नाही, हेही खरं). मसुद्यात त्रास कोणाला होतोय, सध्याचं कोणतं कलम अपुरं पडतंय आणि अंमलबजावणी कोण करणार, हे नेमकं लिहा. अंमलबजावणीचा भाग सर्वांत कठीण, त्यावर जास्त वेळ द्या.