सुझोला तीन मुलं घेऊन जातेयस, तर तिसऱ्याच्या शाळेचं आधी विचार

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि मग झोपच लागेना. नवऱ्याला चीनमध्ये सुझोचं पोस्टिंग आलंय, तीन मुलं आहेत, आणि "तिथे एकाच मुलाचा नियम आहे ना, आम्हाला त्रास होईल का" असं विचारलंयस. वयाने लहान वाटतेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. आम्ही 2010 ते 2019 सुझोलाच होतो. थोरली मुलगी, मधला मुलगा, आणि धाकटी तिथेच झाली, 2011 ला.

नियमाचं पटकन सांगते. आईबाप दोघंही परदेशी असतील तर तो आपल्याला लागूच नव्हता. आणि आता त्यांच्या लोकांनाही राहिला नाही, 2016 पासून दोन आणि 2021 पासून तीन चालतात, उलट तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे तिथलं सरकार त्यांच्या लोकांना वर्षाला 3,600 युआन देतंय. व्हिसा, ॲटेस्टेशन म्हणजे कागदपत्रं प्रमाणित करून घेणं, पोचल्यावर 24 तासांत पोलिसांकडे नोंद, हे एजंट सांगेलच.

आमच्या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. सातव्या महिन्यात हॉस्पिटलच्या खिडकीवर गेलो तर तिथली बाई बाळंतपणाच्या परवानगीचा कागद मागायला लागली, तो तिथल्या जोडप्यांना लागायचा, आम्हाला नाही, पण तिच्या फॉर्ममध्ये तो रकाना होता आणि तो रिकामा सोडायला ती तयार नव्हती. पाय सुजलेले, भाषा येत नाही, नवरा ऑफिसच्या दुभाष्याला फोन लावतोय, आणि मागच्या रांगेतल्या बायका माझ्या पोटाकडे आणि दोन्ही बाजूला उभ्या पोरांकडे बघतायत. मग बाळ झाल्यावर जन्मदाखला, त्याचं भाषांतर, शांघायच्या आपल्या कॉन्सुलेटमधून पासपोर्ट, मग तिचा रेसिडेन्स परमिट. महिनाभराचं बाळ घेऊन मी किती खिडक्यांवर उभी राहिले ते आठवलं तरी अजून राग येतो.

बाहेर पडलं की लोक बोटं मोजायचे. "सान गे!" म्हणजे तीन! टॅक्सीत चारच माणसं घेतात, आम्ही पाच, म्हणजे कायम दोन टॅक्स्या. कुठेही जा, तिकिटाचं पॅकेज दोन मोठे आणि एक लहान. शाळेत धाकटीने घराचं चित्र काढलं, पाच माणसं, तर वर्गातल्या मुलांनी विचारलं की तुम्ही खूप श्रीमंत आहात का. कारण जास्तीचं मूल म्हणजे दंड, हे त्यांनी घरी ऐकलेलं. शेजारच्या वुशीमध्ये 2014 ला दिग्दर्शक झांग यिमोऊला तीन मुलांपायी जवळजवळ 75 लाख युआन दंड झाला होता, त्यावर तेव्हा सगळीकडे चर्चा चाललेली. आणि आपण तरी काय वेगळे, आपल्याकडे तिसरं मूल असलं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. माझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्याच होत्या, मुलगी झाली, मुलगा झाला, आता तिसरं कशाला.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो, तीन पोरांच्या रगाड्यात निघून जातो, त्याची काळजी करू नकोस.

मला सांगायचंय ते शाळेचं. कंपनी फी द्यायची दोनच मुलांची. इंटरनॅशनल शाळेची एका मुलाची वर्षाची फी लाखाच्या वर युआन, खिशातून भरणं शक्यच नव्हतं, म्हणून थोरले दोघं तिकडे आणि धाकटी तिथल्या सरकारी शाळेत. मी सगळ्यांना सांगायचे, बघा किती छान चिनी बोलते! ती बोलायचीच. तिथे शेजारणीला, कामाच्या बाईला "आयी" म्हणतात, आणि घरात ती मला आई म्हणायची, आणि दिवसभर ती माझ्यापेक्षा आयीजवळच जास्त असायची, कारण दुपारी मी मोठ्यांच्या फुटबॉल, पियानोच्या मागे. संध्याकाळी जेवताना दोघं इंग्रजीत शाळेच्या गप्पा मारायचे आणि ही गप्प बसून भात खायची. मला तेव्हा दिसत होतं गं. दिसत होतं आणि मी काही केलं नाही.

खालच्या मजल्यावर एक आजी होत्या, धाकटीवर फार जीव. 2018 च्या हिवाळ्यात त्या मला काहीतरी सांगत होत्या, मला निम्मं कळेना, म्हणून धाकटीला म्हटलं सांग गं काय म्हणतायत. सात वर्षांची पोर, तिने सांगितलं, "आजींच्या पोटात पण दुसरं बाळ होतं, पण त्याला येऊ दिलं नाही." जिआंग्सूमध्ये, म्हणजे सुझो ज्या प्रांतात आहे तिथे, नियम फार कडक, गावातसुद्धा एकच. आजी माझा हात धरून बसल्या होत्या. मला त्यांच्यासमोर माझी तीन मुलं घेऊन बसायची लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज याची की त्या जिच्यावर इतका जीव टाकतात तिला आम्ही दोनच्या रकान्याबाहेर ठेवलं होतं. सरकारने नाही, आम्ही.

2019 ला पुण्यात परत आलो तेव्हा तिला देवनागरी लिहिता येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. शाळेने एक वर्ष मागे बसवलं. मधल्यासोबत त्याच शाळेत, तो हुशार म्हणून कौतुक आणि ही बाकावर मुकी. गेल्या वर्षी तिने मला विचारलं, पैसे कमी होते तर तिघांना माझ्या शाळेत का नाही घातलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिघांना सरकारी शाळेत घालता आलं असतं. किंवा मी तिघांना घेऊन पुण्यात राहिले असते. यातलं काही आमच्या मनातही आलं नाही, खरंच आलं नाही.

म्हणून ऑफर लेटरवर सही व्हायच्या आधी नवऱ्याला एचआरकडून तिसऱ्याच्या फीचं लेखी घ्यायला सांग. तोंडी नको. आणि नाहीच म्हणाले तर जे काय कराल ते तिघांचं सारखं करा, मग शाळा कुठलीही असू दे. धाकटं किती वर्षांचं आहे आणि तिथे किती वर्षं राहणार आहात ते लिही, म्हणजे परत आल्यावर इयत्तेचं काय होईल ते मला नीट सांगता येईल.