"हे देवानं सांगितलं की माझ्याच मनानं?"

ख्रिस्ती मंडळ्यांच्या मोठ्या सभांचे, कन्व्हेन्शनचे दिवस सरले, उपवास-प्रार्थनेचा आठवडा झाला, की समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणाऱ्यांच्या बोलण्यात एक काळजी हमखास डोकावते. अंबाजोगाईकडचा तरुण म्हणतो, "मॅडम, नोकरी सोड असं आतून यायलंय, घरी कसं सांगू?" परभणीची शिक्षिका म्हणते, "जे करावंसं वाटतंय ते माझ्यासारखीचं कामच नाही." मंडळीतले एक वडील, साठी ओलांडलेले, खाली मान घालून विचारतात, "या वयात देव असलं काही सांगेल का हो?" सगळ्यांच्या पोटात प्रश्न तोच असतो. हे बोलावणं प्रभूचं की माझ्याच मनाचा खेळ? आणि प्रभूचंच असलं आणि मी नाही म्हटलं, तर?

या काळजीवर बोलायचं तर मला जालन्याच्या सिस्टरबद्दल सांगावं लागेल. त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि अनेक भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. कॉलनीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नाही. त्यांची पणजी जालन्याजवळच्या बेथेल वस्तीतली. ती वस्ती वसवली नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण कुळातला हा माणूस, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला, मिशनरी म्हणून निजामाच्या राज्यात जालन्याला आला, आणि त्याचं काम प्रामुख्यानं मांग-महार वस्त्यांमध्ये उभं राहिलं. त्या काळी असं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कुणाला खरं वाटलं असेल? सिस्टरांच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यामुळे देव अनपेक्षित ठिकाणी पाठवतो, हे त्यांना पाठ होतं. अडचण आली ती ठिकाण कळल्यावर.

निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रार्थना केली होती, "प्रभू, आता हे हात तुझे." मनात होता गडचिरोलीकडचा एखादा मिशन दवाखाना. तशी चौकशीही सुरू केली होती. पण प्रार्थनेला बसलं की एका माणसाचं नाव समोर यायचं. हा माणूस त्यांच्याच दवाखान्यातला लिपिक. औषधांच्या साठ्यावरून त्यानं त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. चौकशी लांबली, शेवटी सिस्टर निर्दोष ठरल्या, पण दरम्यान मुलीचं जुळत आलेलं लग्न मोडलं. आता तोच माणूस अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला होता, पाठीला जखमा झाल्या होत्या. दोन गल्ल्या सोडून घर.

"नाव आलं की काय होतं?" मी विचारलं.

"पोटात गोळा येतो."

"मग काय करता?"

"मोठ्यानं गीत म्हणते. नाव जावं म्हणून."

"जातं?"

"नाही ना मॅडम. दुसऱ्या कडव्याला परत येतं."

मी ख्रिस्ती समुपदेशक आहे आणि हे लपवत नाही. माझी एक धारणा बरीच वर्षं पक्की आहे. भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला, असं मी मानत नाही. भीतीला दटावून गप्प केलं की ती शरीरात जाऊन बसते, पोटात, मानेत, झोपेत. तिला बोलू दिलं की ती फार उपयोगाचं सांगते. म्हणून मी सिस्टरांना "विश्वास ठेवा" असं म्हटलं नाही. त्यांच्या मंडळीत ते त्यांना पुष्कळांनी सांगून झालं होतं. मी एवढंच विचारलं की त्या दारात उभं राहिल्यावर सगळ्यात वाईट काय होईल.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लोकांना वाटेल, हिचं खरंच काहीतरी चुकलं होतं. म्हणून आता त्याच्या दारात गेली."

खरी गाठ ही होती. राग वरवरचा होता. खाली होतं ते, पुसला गेलेला आळ पुन्हा अंगावर येईल याचं भय. आज्ञापालन म्हणजे कबुली, असं त्यांच्या मनानं जोडून टाकलं होतं. पुढच्या काही भेटी आम्ही या दोन गोष्टी वेगळ्या करण्यातच घालवल्या. तक्रार खोटी होती, हे कागदावर सिद्ध झालेलं आहे. जखम धुतल्यानं तो कागद बदलत नाही. त्या माणसानं केलेलं बरोबर होतं असं म्हणायला देवानं सांगितलेलं नाही, मीही सांगणार नाही.

मग एके दिवशी आम्ही प्रेषितांची कृत्ये या बायबलमधल्या पुस्तकाचा नववा अध्याय उघडला. सिस्टरांनी हा अध्याय संडे स्कूलमध्ये कितीदा तरी शिकवला होता, पण नेहमी शौलाची गोष्ट म्हणून. ख्रिस्ती लोकांचा घोर छळ करणारा, पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला माणूस, दिमिष्काची वाट, प्रकाश, आंधळेपण. मी म्हटलं, "आज शौलाला राहू द्या. हनन्याचं वाचा, शौलाकडे जा असं प्रभूनं ज्याला सांगितलं त्या शिष्याचं. सावकाश."

त्यांनी वाचलं आणि थांबल्या. "हा तर उलट बोलला देवाला."

"काय बोलला?"

"की या माणसानं किती छळ केलाय ते मी ऐकलंय. इथंही धरायलाच आलाय."

"देव रागावला?"

त्यांनी परत ओळी चाळल्या. "नाही. पुन्हा जा म्हणाला. अन् का जायचं ते सांगितलं."

"त्याच्या आधी काय सांगितलं होतं? नीट नावाचा रस्ता, यहूदाचं घर, हे झालं. पुढं?"

बोट ओळीवर ठेवून त्यांनी वाचलं. तो माणूस, म्हणजे शौल, प्रार्थना करतो आहे, आणि हनन्या नावाचा कुणीतरी आत येऊन आपल्यावर हात ठेवतो आहे, असं त्यानं दृष्टान्तात पाहिलंही आहे. सिस्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे तिकडं आधीच सांगून ठेवलं होतं."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडू नये, हे मी फार सांभाळते.

"मॅडम, मी इतके दिवस माझ्याच टोकाला बघायले. मी जाऊ का, मला काय होईल, मला लोक काय म्हणतील. त्या घरात काय चाललंय ते मला कुठं माहीतंय?"

त्यांनी हे स्वतः पाहिलं, याचा मला आजही आनंद आहे. आणि इतक्या लोकांशी बोलून मला जे दिसत आलं आहे, ते हेच. देवाचं बोलावणं क्वचितच एका टोकाचं असतं. प्रेषित पेत्र यापोत छपरावर दृष्टान्ताचा अर्थ लावत बसला होता, तेव्हा कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसं खाली दारात येऊन त्याचं नाव विचारत होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं कवी नारायण वामन टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. पुढे १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पण टिळक त्या डब्यात चढले तेच मुळी धर्माचा शोध घेत घेत. अनोळखी हिंदू पंडिताला पुस्तक देणं त्या प्रवाशाला विचित्र वाटलं असेल. घेणाऱ्याचं मन मात्र आधीच नांगरून ठेवलेलं होतं.

म्हणून "हा आवाज देवाचा का?" असं कुणी विचारलं की मी आता उलट विचारते, "दुसऱ्या टोकाला कोण आहे?" तिथे एखाद्या खऱ्या माणसाची खरी गरज आहे का? की तिथेही तुम्हीच आहात, व्यासपीठावर, माइक हातात घेऊन? ज्या बोलावण्यात दुसरं माणूस दिसतच नाही, फक्त माझं मोठेपण दिसतं, त्याला मी थोडं थांबायला सांगते. प्रेषितांच्या कृत्यांतल्याच सुवार्तिक फिलिप्पाकडे बघा. शोमरोनात गर्दी, बरे होणारे लोक, शहरभर आनंद, आणि त्याला पाठवलं कुठं? गाझाकडे उतरणाऱ्या ओसाड वाटेवर, रथात बसून वाचत असलेल्या एका कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, अधिकाऱ्यासाठी. आपल्या मंडळ्यांमध्ये मोठ्या सभेला पाचारण म्हणतात आणि एका माणसाकडे जाण्याला किरकोळ काम. हा हिशेब पवित्र शास्त्राचा नाही.

सिस्टरांना मी लगेच जा म्हटलं नाही. आधी चौकशी करा म्हटलं. मेडिकलवाल्याकडून कळलं की ड्रेसिंगला येणारा मुलगा यायचा बंद झाला आहे, आणि त्या माणसाची बायको घरी येणारी सिस्टर शोधते आहे. यांचं नाव तिनं घेतलं होतं, पण विचारायची हिंमत होत नव्हती. सिस्टरांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. भीती होतीच. पण ती आता जायच्या तयारीतल्या माणसाची भीती होती.

तरीही एकट्यानं जायचं नाही, हे मी आग्रहानं सांगितलं. पेत्र कर्नेल्याकडे गेला तो सहा भावांना सोबत घेऊन. अनपेक्षित बोलावण्यात साक्षीदार लागतात, आणि नंतर "तू तिथं गेलासच का" असं विचारणाऱ्यांना उत्तर द्यायलाही लागतात. सिस्टर मुलीला घेऊन गेल्या. हो, त्याच मुलीला, आणि ती स्वतः येते म्हणाली म्हणून. वेळ ठरलेली, बायको समोर हजर, काम झालं की निघायचं. त्यांनी सलाईननं जखमा धुतल्या, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते बायकोला शिकवलं, हवेची गादी आणायला लावली. त्या घरात प्रार्थना करायची का, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, तुमच्या घरून निघताना करा. त्या घरी त्यांनी मागितली तर करा. आजारी, परावलंबी माणसावर आपली श्रद्धा लादणं मला मान्य नाही.

त्या माणसानं माफी मागितली का, असं ही गोष्ट ऐकणारे सगळे विचारतात. नाही मागितली. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आता सिस्टर वळायला सांगतात तेव्हा जमेल तसा वळतो. मनातला राग पूर्ण विरघळेपर्यंत थांबायचं असतं, तर त्या अजून घरीच असत्या. पाय आधी निघतात, मन मागून येतं, आणि कधी कधी बरंच मागून येतं. त्याबद्दल स्वतःला ढोंगी म्हणू नका.

ज्यांना अजून काही स्पष्ट होत नाही, त्यांनी शमुवेल संदेष्ट्याचं पोरपण आठवावं. तीनदा हाक आली, तीनदा तो आपल्या याजकाकडे, एलीकडे धावला. ओळखता आलं नाही म्हणून देवानं त्याला सोडलं नाही, चौथ्यांदा हाक मारली. एकदा संधी हुकली की संपलं, या धाकानं माझ्याकडे येणारी तरुण मुलं रात्र रात्र जागतात. हा धाक घालणारे उपदेशक मला पटत नाहीत. विचारा, वेळ मागा, पाळकांशी बोला, घरच्यांशी बोला. येशूची आई मरियेनंही देवदूताला "हे कसं होईल" असं विचारलंच होतं. आणि बोलावणं समजलं तरी चित्र पुरतं समजेल असं नाही. पौलाला दृष्टान्तात दिसला मासेदोनियाचा पुरुष, आणि मासेदोनियातल्या फिलिप्पै गावी पोचल्यावर भेटल्या त्या नदीकाठी जमलेल्या बायका. त्यांतलीच लुदिया, जिनं पुढे बाप्तिस्मा घेतला. तो चुकीच्या गावी आलो म्हणून परत फिरला नाही.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. आवाज गोळ्या बंद कर म्हणत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणत असेल, घर विकून पैसा अमक्याच्या हाती दे म्हणत असेल, झोप उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. पाळकांकडे नंतर. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्या माणसाचं ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता.

आणि घरच्यांना थोडं. तुमच्या माणसानं येऊन असलं काही सांगितलं, तर पहिल्याच वाक्याला हसू नका, लगेच "देवाची इच्छा" म्हणून टाळ्याही वाजवू नका. नेमकं काय, कुणासाठी, किती दिवस, खर्च कोण करणार, हे विचारा. खरं बोलावणं अशा प्रश्नांनी विझत नाही. सिस्टरांच्या मुलीनं हेच प्रश्न विचारले होते, आणि त्यातूनच ती सोबत गेली.

गडचिरोलीचं राहून गेलं. कॉलनीतून आणखी दोन घरांनी सिस्टरांना बोलावलं आहे. मागच्या भेटीत त्यांची काळजी वेगळीच होती. सेवा आहे तर ड्रेसिंगचे पैसे घ्यावेत का? मी म्हटलं, ज्यांना परवडतं त्यांच्याकडून घ्या, आणि घ्याल त्याची पावती द्या.